क्रोम काढून बाइक काळी करायचीय? आधी कोणता पार्ट कशाचा आहे ते बघा

हार्ले-डेव्हिडसनने २०२४ मध्ये स्ट्रीट ग्लाइड आणि रोड ग्लाइड या आपल्या दोन मोठ्या टूरिंग बाइक नव्या रूपात आणल्या. तेव्हा अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासमोर एक सरळ प्रश्न होता. इंजिन, सायलेन्सर आणि बाकीचा साज क्रोमचा हवा की काळा? क्रोम घेतलं तर गाडीची जी किंमत आहे तीच. काळा घेतला तर हजार डॉलरच्या वर जादा मोजा.

ज्या कंपनीच्या गाड्या वर्षानुवर्षं क्रोमच्या झगमगाटासाठी ओळखल्या गेल्या, तिथेच आता क्रोम नको म्हणायचे पैसे पडतात. आणि लोक ते देतात. कारण गाडी घरी आणल्यावर एकेक पार्ट काळा करत बसलं, तर खर्च तर होतोच, डोक्याला ताप होतो तो वेगळाच.

हा ताप नेमका कसला, ते रीलमध्ये दिसत नाही. रीलमध्ये तीस सेकंदांत चकचकीत बुलेट काळीकुट्ट होते, मागे दणदणीत गाणं वाजतं आणि खाली 'भावा कितीला केलं' अशा कमेंट पडतात. सहा महिन्यांनी त्याच गाडीचा पोपडे निघालेला बेंड पाइप आणि जांभळट पडलेले लिव्हर कुणी दाखवत नाही.

हे काळं वेड आलं कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत लांबच्या प्रवासाची बाइक म्हणजे मोठी विंडशील्ड, मागे दोन डिक्क्या, जास्तीचे दिवे आणि जिथे जागा मिळेल तिथे क्रोम. अशा गाडीला तिकडे 'फुल ड्रेसर' म्हणतात, म्हणजे नटूनथटून निघालेली. क्रोम ही श्रीमंतीची खूण होती आणि ते घासूनपुसून लखलखीत ठेवणं ही मालकाची रविवारची हौस.

काळ्याची सुरुवात टूरिंग बाइकवर झाली नाही. आधी कमी साज असलेल्या, मोकळ्याढाकळ्या गाड्या काळ्या झाल्या. हार्लेची २००९ ची आयर्न ८८३ हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. तरुण गिऱ्हाइकाला वडिलांच्या पिढीची चमचमणारी गाडी नको होती, त्याला गॅरेजमधून अर्धवट तयार होऊन बाहेर पडल्यासारखी दिसणारी गाडी हवी होती. मग ट्रायम्फने २०१६ मध्ये बोनव्हिल टी१२० सोबत तिची 'ब्लॅक' आवृत्ती आणली. इंडियन मोटरसायकलने 'डार्क हॉर्स' नावाने मोठ्या गाड्या काळ्या केल्या. २०१७ मध्ये हार्लेने रोड किंग स्पेशल काढली, तेव्हा खास टूरिंगच्या गाडीवरचं क्रोमही गेलं.

यात कंपन्यांचा एक हिशोबही दिसतो. क्रोम काहीच लपवत नाही. खालच्या धातूवर बारीक खड्डा किंवा ओरखडा असेल तर क्रोम चढल्यावर तो आणखी उठून दिसतो. म्हणून क्रोमच्या आधी पार्ट आरशासारखा बफ करावा लागतो आणि त्यात मजुरी जाते. खरखरीत काळ्या फिनिशखाली मात्र ओतकामाच्या किरकोळ खोडी झाकल्या जातात. त्यामुळे काळ्या रंगासाठी घेतलेले जादा पैसे हे मेहनतीपेक्षा फॅशनचे जास्त आहेत, असं म्हणायला वाव आहे.

आपल्याकडे रॉयल एनफिल्डने २०१७ मध्ये क्लासिक ५०० चा स्टेल्थ ब्लॅक आणला. २०१८ मध्ये थंडरबर्ड एक्स, २०२० मध्ये मिटिऑर ३५० चं फायरबॉल व्हेरियंट, २०२३ मध्ये इंटरसेप्टर ६५० चा ब्लॅक रे. गंमत म्हणजे इथे गणित हार्लेच्या उलट आहे. मिटिऑर आली तेव्हा काळं फायरबॉल सगळ्यात स्वस्त होतं, आणि इंटरसेप्टरमध्ये क्रोमच्या टाकीवाली गाडी ब्लॅक रेपेक्षा महाग. आपल्या गिऱ्हाइकासाठी चकाकीची किंमत अजून उतरलेली नाही.

पण ज्यांच्याकडे जुनी क्रोमवाली गाडी आहे आणि जीव काळ्यावर आलाय, ते जातात पुण्यात नाना पेठेत, दिल्लीत करोल बागेत किंवा मग ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे. तिथे पहिला प्रश्न येतो: 'रंग मारू की पावडर कोटिंग करू?' खरं तर त्याच्याही आधीचा प्रश्न विचारायला हवा.

क्रोम म्हणजे रंग नाही, तो धातूचा थर आहे

क्रोमचा पार्ट असं आपण म्हणतो खरं, पण तो पार्ट क्रोमचा नसतोच. आत बहुतेक वेळा लोखंड असतं, कधी ॲल्युमिनियम आणि कधी चक्क प्लॅस्टिक. त्यावर विजेच्या प्रवाहाने निकेलचा थर चढवतात, काही ठिकाणी निकेलखाली तांब्याचाही. आणि सगळ्यात वर क्रोमियम, एका मायक्रॉनच्या अर्ध्याहून कमी जाडीचं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. जी चमक आपण बघतो ती बरीचशी खालच्या निकेलची. क्रोमियम तिला निळसर झाक देतं आणि काळवंडू देत नाही.

या पातळ थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. पाणी आणि मीठ त्यातून आत शिरतं, निकेलमध्ये कुठे छिद्र असेल तर लोखंडापर्यंत पोचतं आणि मग क्रोमवर तांबूस ठिपके उमटतात. लोक म्हणतात क्रोम गंजलं. गंजतं ते खालचं लोखंड. रत्नागिरी, मालवण, गोवा या पट्ट्यात खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर हे लवकर दिसतं. अशा गाडीवाल्याने क्रोम काढायचं ठरवलं तर त्यामागे फॅशनपेक्षा वैताग जास्त असतो.

आता मुद्द्याचं. क्रोम एवढं गुळगुळीत असतं की त्यावर रंगाला पकड मिळत नाही. काचेवर ऑइलपेंट मारला तर जे होईल तेच इथे होतं. पहिले काही दिवस छान, मग एखादा दगड लागतो, तिथून टवका उडतो आणि नखाने ओढलं तरी पापुद्रा निघत जातो. शंभर-दीडशे रुपयांच्या स्प्रे कॅनने सरळ क्रोमवर मारलेला काळा रंग टिकत नाही, तो यामुळे. पृष्ठभाग पॉलिश पेपरने नीट खरवडून, क्रोमवर बसणारा प्रायमर मारून मग रंग दिला तर बरा टिकतो. सगळ्यात पक्कं काम म्हणजे प्लेटिंगच उतरवणं.

आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण यूट्यूबवर घरच्या घरी क्रोम उतरवायचे व्हिडिओ ढिगाने आहेत. सजावटीचं क्रोम चढवायची पारंपरिक पद्धत क्रोमिक ॲसिडवर चालते. त्यातलं क्रोमियम हे हेक्झाव्हॅलंट प्रकारचं असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. ज्युलिया रॉबर्ट्सचा 'एरिन ब्रोकोविच' हा २००० सालचा सिनेमा आठवत असेल, तर कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावाच्या पाण्यात जे उतरलं होतं ते हेच. त्याच कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये सजावटीच्या प्लेटिंगमधून ते टप्प्याटप्प्याने हद्दपार करायचा नियम मंजूर केला.

गाडीवर चढून बसलेलं क्रोम धातूच्या रूपात असतं, त्याला हात लावल्याने काही होत नाही. पण ते उतरवण्याची एक पद्धत म्हणजे कॉस्टिकच्या पाण्यात पार्ट बुडवून उलटा करंट सोडणं, आणि त्यात क्रोमियम पुन्हा हेक्झाव्हॅलंट होऊन त्या पाण्यात उतरतं. बादली, बॅटरी चार्जर आणि कॉस्टिक सोडा घेऊन गच्चीवर हा प्रयोग केला तर ते पिवळं पाणी शेवटी मोरीतच ओतलं जाणार. मिठाचं ॲसिड वापरलं तर वाफा फुप्फुसात जातात आणि निकेलचं पाणी गटारात. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी सोय असलेल्या प्लेटिंगवाल्याकडेच हे काम द्यावं. तिथे काम करणाऱ्या पोराच्या हातात ग्लोव्हज आणि तोंडावर मास्क आहे की नाही, एवढं दुकानात शिरताना दिसतंच.

चुंबक खिशात ठेवा

पार्ट कशाचा आहे हे ओळखायला फ्रीजवरचा चुंबक पुरतो. घट्ट चिकटला तर लोखंड. नाही चिकटला आणि टिचकी मारल्यावर धातूसारखा आवाज आला तर बहुधा ॲल्युमिनियम, किंवा स्टेनलेस स्टील. आवाज बोदा आला आणि पार्ट हलका लागला तर प्लॅस्टिक. एबीएस नावाच्या प्लॅस्टिकवर क्रोम चढतं. ब्रेकवालं एबीएस वेगळं, हे नुसतं नाव जुळतंय. हेडलाइटची रिंग, मीटरची कड, साइड पॅनेलवरच्या पट्ट्या, इंडिकेटरची टोपणं यात ते सर्रास असतं.

हे ओळखणं महत्त्वाचं, कारण पावडर कोटिंग भट्टीत होतं. कोरड्या पावडरला विजेचा भार देऊन ती पार्टवर उडवतात, ती चिकटते आणि मग १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळून एकजीव होते. ऑफिसची कपाटं आणि खिडक्यांच्या फ्रेम ज्या पद्धतीने रंगवतात तीच ही. भोसरी, चाकण, वाळूज अशा एमआयडीसींमध्ये हे काम करणारी युनिट आहेत. लोखंडी लेग गार्ड, सामानाचं कॅरियर, डिक्कीचे स्टँड, सीटमागची पकडायची नळी यांच्यासाठी याच्याइतकं दणकट काही नाही. आणि तीच भट्टी प्लॅस्टिकच्या रिंगचा लगदा करून ठेवते.

प्लॅस्टिकसाठी सोपा मार्ग आहे: काळा पार्ट विकतच घ्या. आपल्या मॉडेलच्या काळ्या व्हेरियंटचे पार्ट बऱ्याचदा जसेच्या तसे बसतात आणि शोरूमच्या स्पेअर काउंटरवर मागवता येतात. तेही नको असेल तर काळी व्हिनाइल फिल्म आहे. मन बदललं तर हेअर ड्रायरने गरम करून ती काढताही येते. आधी काळं आवडतंय का हे बघायला फिल्म हा सगळ्यात स्वस्त प्रयोग. इंजिनजवळ मात्र ती आकसते.

ॲल्युमिनियमला तिसरा पर्याय आहे, ॲनोडायझिंग. यात वरून रंग चढत नाही. ॲल्युमिनियमच्याच पृष्ठभागावर कडक ऑक्साइडचा थर तयार करतात, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत काळा डाय मुरवतात आणि छिद्रं बंद करतात. त्यामुळे पापुद्रे निघायचा प्रश्नच नाही. पण डाय हलका असेल किंवा छिद्रं नीट बंद केली नसतील तर उन्हात काळ्याचा जांभळा होतो, कधी तपकिरी. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे काळे ब्रेक-क्लचचे लिव्हर दोन उन्हाळ्यांत वांग्याच्या रंगाचे दिसू लागतात, ते या कारणाने. शिवाय इंजिनच्या ओतीव कव्हरमध्ये सिलिकॉन जास्त असतं, त्यावर ॲनोडायझिंग एकसारखं काळं न बसता करडे डाग पडतात. तिथे पावडर किंवा इंजिनचा रंगच बरा. ओतीव ॲल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षं ऑइल मुरलेलं असतं, ते भट्टीत बाहेर येतं आणि रंगाला फोड येतात. जाणता कोटिंगवाला असा पार्ट आधी रिकामाच भट्टीत तापवून घेतो. त्याने तसं करतो म्हणून आपणहून सांगितलं, तर दुकान बरोबर निवडलंत.

सायलेन्सर: इथेच सगळे फसतात

काळी करायची म्हटली की पहिली नजर सायलेन्सरवर जाते, आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात तेही तिथेच. इंजिनमधून निघणारा बेंड पाइप काही शे अंशांपर्यंत तापतो. साधं पावडर कोटिंग त्या उष्णतेत आधी पिवळट, मग भुरं होऊन गळून पडतं. क्रोमचा बेंड पाइपसुद्धा तापून निळा-सोनेरी पडतो, तिथे बिचाऱ्या रंगाचं काय चालणार?

इथे दोनच गोष्टी चालतात. एक, सिलिकॉनवर आधारित उष्णतारोधक रंग, साधारण ६०० अंशांपर्यंत टिकणारे. पण ते मारून गाडी लगेच दामटायची नसते. डब्यावर दिल्याप्रमाणे थोडा वेळ तापवणं, थंड करणं, पुन्हा तापवणं अशा फेऱ्यांमध्येच तो रंग पक्का होतो. घाईत ही पायरी गाळली की पहिल्याच घाटात रंग हाताला लागतो. दुसरं, सिरॅमिक कोटिंग. महाग पडतं, पण टिकतं. कार डिटेलिंगवाले टाकी-बॉनेटवर जे 'सिरॅमिक कोटिंग' करतात त्याचा आणि याचा संबंध नाही. नाव एकच असल्याने गल्लत होते.

टूरिंग बाइकवाल्यांना एक सवलत आहे. मोठ्या क्रूझर-टूररमध्ये आपल्याला दिसतो तो चकचकीत भाग बऱ्याचदा खरा पाइप नसतोच. पाय भाजू नये म्हणून पाइपवर बसवलेलं ते हीट शील्ड असतं. मध्ये हवेची फट असल्याने ते पाइपपेक्षा खूप कमी तापतं. चार क्लॅम्प सोडवून शील्ड काढा, तेवढंच काळं करा किंवा बदला. आतल्या पाइपला धक्का नाही, ऑक्सिजन सेन्सरला नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ गाड्यांत या दोन गोष्टी एक्झॉस्टमध्येच असतात. 'काळा हवाय' म्हणून आख्खी एक्झॉस्ट सिस्टीम बदलायला गेलं तर आवाज, धूर, मायलेज, वॉरंटी असं सगळंच हलतं.

ज्या क्रोमला हात लावायचा नाही

पुढच्या शॉकअपमध्ये वरखाली सरकणारी चकचकीत नळी असते ना, तीही क्रोमची. पण ते हार्ड क्रोम असतं, सजावटीच्या क्रोमपेक्षा कितीतरी पट जाड. ऑइल सील तिच्यावर घासत सरकते आणि ती नळी आरशासारखी गुळगुळीत असणं हीच तिची नोकरी. तिच्यावर रंग मारला, पावडर केली, पॉलिश पेपर फिरवला की सील फाटते, शॉकअपचं ऑइल खाली उतरतं आणि ते पुढच्या ब्रेक डिस्कवर येऊ शकतं. महागड्या गाड्यांवर काळ्या नळ्या दिसतात, त्या कारखान्यात खास कडक कोटिंग केलेल्या असतात. बाहेरचा जाड भाग, ज्याला गॅरेजमध्ये बॉटम म्हणतात, तो काळा करता येतो. त्यासाठी शॉकअप पूर्ण उघडावा लागतो, आणि नव्या सील आणि ऑइल टाकायची वेळ तशीही तीच असते.

दुसरं म्हणजे नटबोल्ट. सगळे बोल्ट ॲसिडमध्ये टाकून, क्रोम उतरवून काळे करू, ही कल्पना मोहात पाडते. मात्र उच्च ताकदीच्या पोलादाचा ॲसिडशी संबंध आला की त्यात हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. बाहेरून काहीच दिसत नाही. बोल्ट लावतानाही तुटत नाही. ताणाखाली काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो. ब्रेक कॅलिपर, हँडल क्लॅम्प, ॲक्सल अशा ठिकाणचे बोल्ट काळे हवे असतील तर त्याच ग्रेडचे, काळ्या फिनिशचे नवे विकत घ्यावेत. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असा आकडा कोरलेला असतो, तो जुळला पाहिजे.

पावडर कोटिंगची जाडीही ध्यानात घ्यायची. ती ६० ते १०० मायक्रॉन असते, म्हणजे केसाएवढी किंवा थोडी जास्त. लेग गार्डवर त्याने काही बिघडत नाही. पण आट्यांमध्ये, बेअरिंगच्या जागी किंवा जिथे दोन धातू एकमेकांवर दाबून बसतात तिथे एवढा थर म्हणजे गोंधळ. कसलेल्या नटाखालची पावडर हळूहळू दबते आणि नट ढिला पडतो. म्हणून अशा जागा आधी टेपने किंवा रबरी बुचाने झाकतात. कोटिंगला देतानाच त्या मार्करने दाखवून द्या आणि गाडी जोडल्यावर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासून घ्या.

आणखी एक छोटी गोष्ट, जिच्यामुळे वायरमनची चांगली कमाई होते. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. काही गाड्यांत हॉर्नचं किंवा इंडिकेटरचं अर्थिंग त्यांच्या लोखंडी पट्टीतूनच फ्रेमला जातं. पट्टी काळी करून आणली की इंडिकेटर लागत नाही, आणि मग बल्ब बदल, फ्लॅशर बदल असा दिवस जातो. बोल्ट बसतो तेवढ्या जागेवरची पावडर खरवडली की काम होतं.

चाकांचंही थोडक्यात. स्पोकचं चाक काळं करायचं तर सगळे स्पोक सोडवून, रिम कोट करून, पुन्हा विणून आउट काढावा लागतो. हे काम ज्याचा हात बसलाय त्याच्याकडेच द्यावं. अलॉय चाकाची ताकद मुळात ठरावीक तापमानावर दिलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेतून येते. भट्टी नको तितकी तापली किंवा चाक तासन् तास आत राहिलं तर ती घटते, म्हणून भट्टीच्या तापमानावर नियंत्रण नसलेल्या ठिकाणी चाक देऊ नये. एबीएसची दातेरी रिंग आधी काढून ठेवायची.

काळी बाइक जास्त तापते का?

उभी असताना, हो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या उन्हात दुपारी पार्क केलेल्या गाडीच्या काळ्या हँडलला हात लावून बघा. चालत्या इंजिनचं मात्र वेगळं आहे. काळा पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकतोही चांगली, चकचकीत पृष्ठभाग त्यात कंजूष असतो. एअरकूल इंजिनला तो पातळ काळा रंग बाधत नाही, झाला तर किंचित फायदाच. चालत्या गाडीत बहुतेक उष्णता वाराच नेतो, त्यामुळे फरक जाणवण्याएवढा नसतो. फिन्सवर जाड पावडर थापली तर मात्र उलटं होतं, ती गोधडीचं काम करते.

लांबच्या प्रवासात काळ्याचा एक खरा फायदा आहे. सकाळी-संध्याकाळी सूर्य पाठीमागे असताना हँडल, मीटर आणि आरशांच्या क्रोमवरून उठणारी तिरीप सरळ डोळ्यांत जाते. दिवसाला चारशे-पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याला हे नक्की जाणवतं. नुसत्या हौसेऐवजी कारण शोधत असाल तर आधी हँडलच्या आसपासचे पार्ट काळे करावेत, बाकीचे नंतर.

मग रात्री दिसणार कशी?

काळी गाडी, काळं जॅकेट, काळं हेल्मेट आणि समोर अंधारी स्टेट हायवे. घरच्यांची काळजी रास्त आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड भागात याच प्रश्नावर मोठा अभ्यास झाला आणि तो २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात चमकणारे किंवा फ्लुओरोसंट कपडे घातलेल्या बाइकस्वारांना अपघातात जखमी होण्याचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला. काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढऱ्या हेल्मेटमध्ये तो २४ टक्क्यांनी कमी. दिवसा हेडलाइट चालू असेल तर २७ टक्क्यांनी कमी. आणि बाइकचा समोरून दिसणारा रंग? त्याचा धोक्याशी संबंध आढळला नाही.

हेडलाइटचं काम आपल्याकडे एप्रिल २०१७ पासून कंपनीनेच करून टाकलंय, नव्या दुचाकींचा लाइट बंदच होत नाही. बाकी दोन गोष्टी स्वाराच्या हातात आहेत. गाडी हवी तेवढी काळी करा, हेल्मेट पांढरं घ्या आणि जॅकेटवर रिफ्लेक्टरच्या पट्ट्या ठेवा. फोटोत थोडं कमी भारी दिसेल.

मात्र 'फुल ब्लॅक'च्या नादात टेललाइट आणि इंडिकेटरच्या काचांवर काळी फिल्म चिकटवायची आणि मागचा लाल रिफ्लेक्टर काढून टाकायचा, हा प्रकार वेगळा. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमचा ब्रेक दिसतो तो त्याच काचेतून. रिफ्लेक्टर असणं नियमानेही सक्तीचं आहे.

पोलीस पकडतील का?

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात सांगितलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात जाणारा बदल गाडीत करता येणार नाही. त्यानंतर 'आता मॉडिफिकेशनच बंद' असे मेसेज फिरले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बदलाची व्याख्या दिलेली आहे: गाडीच्या रचनेत असा फेरफार, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. त्याच आकाराचं, त्याच मापाचं काळं कव्हर क्रोमच्या जागी लावणं या व्याख्येत बसवणं अवघड आहे. फ्रेम कापणं, चाकांचा आकार बदलणं, इंजिन बदलणं नक्की बसतं. नियमबाह्य बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली.

टाकी आणि मडगार्डचा रंग बदलत असाल तर गोष्ट वेगळी. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, त्यामुळे आरटीओत नोंद बदलून घ्यावी. नंबरप्लेट काळी करायचा विचारही नको. आणि सायलेन्सर बदलून आवाज वाढवलात तर काळ्या-पांढऱ्याचा प्रश्नच उरत नाही, जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडणाऱ्या पोलिसांचे व्हिडिओ महाराष्ट्रातल्या कित्येक शहरांतून आलेत.

इन्शुरन्स कंपनीला मात्र कळवावं. महागडे काळे पार्ट लावले आणि पॉलिसीत त्यांची नोंद नसेल, तर अपघातानंतर त्यांचे पैसे मागताना वाद होतो.

आणि धुणार कोण?

काळी गाडी मळत नाही हा गैरसमज धुळे-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर एक चक्कर मारली की जातो. क्रोमवरची धूळ ओल्या फडक्याने जाते. ग्लॉसी काळ्यावर त्याच फडक्याने गोल गोल ओरखडे उमटतात आणि बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग वाळून बसतात. मॅट काळ्याला पॉलिश चालत नाही, घासलेली जागा चमकायला लागते आणि पुन्हा मॅट होत नाही. टूरिंगच्या गाडीसाठी या दोन्हींच्या मधला साटिन किंवा बारीक सुरकुत्यांचा काळा फिनिश जास्त सोयीचा. फोटोत तो ग्लॉसीइतका उठत नाही, पण ओरखडे पोटात घेतो.

दगडाचा टवका उडाला आणि खालचं लोखंड दिसलं तर त्याच आठवड्यात टचअप करावं. नाहीतर गंज पावडरच्या खालून पसरत जातो आणि वरून सगळं ठीक दिसत राहतं.

काढलेले क्रोमचे पार्ट भंगारवाल्याला देऊ नयेत. गाडी विकायची वेळ आली की जुन्या टूररला मूळ पार्टसकट मागणारं गिऱ्हाइक जास्त भाव देऊ शकतं, आणि उद्या आरटीओत किंवा वॉरंटीसाठी गाडी मूळ रूपात दाखवायची झाली तर तेच कामाला येतात. पुसून कोरडे करा, हलका तेलाचा हात फिरवा आणि कापडात गुंडाळून खोक्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधले तर आत दमट हवा अडकते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांच्यावर तांबूस ठिपके येतात.